अपटुडेट माणूस, अद्ययावत कागद

गेल्या पावसाळ्यात आईच्या फोनवर बँकेचा निरोप आला. तिने चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचला. ‘आपली केवायसी अद्ययावत नाही.’ मधल्या शब्दावर ती दोनदा अडखळली. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, “हे काय असतंय गं?”

“अपटुडेट,” मी म्हटलं.

“मग तसं लिहायचं की! पण अपटुडेट तर माणूस असतो. कागद कसा असेल?”

मी अनुवादाचं काम करते. बँकांचे अर्ज, दवाखान्यांची माहितीपत्रकं, फोनच्या पडद्यावरच्या सूचना असलं सगळं इंग्रजीतून मराठीत आणते. ‘अप टु डेट’ हे तीन शब्द दिवसातून चार वेळा तरी माझ्यासमोर येतात आणि चारही वेळा हात आपोआप ‘अद्ययावत’ टाइप करतो. आईच्या प्रश्नाने तो हात थांबला. कारण तिचं खरं होतं. मराठीत अपटुडेट असतो तो माणूसच.

आमच्या घरात अपटुडेट म्हटलं की माझे थोरले मामा डोळ्यांपुढे यायचे. बार्शीत हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. पँटी दोनच, पण रात्री घडी घालून गादीखाली ठेवलेल्या, त्यामुळे सकाळी क्रीज अशी की बोट लावायला भीती वाटावी. कॉलर विरली की शिंप्याकडून उलटवून घ्यायची. तास संपला की हातावरचा खडू धुतल्याशिवाय खिशातल्या पेनाला हात लावायचा नाही. ते दारात आले की आजी म्हणायची, “माझं लेकरू कसं अपटुडेट असतंय बघा.” आजीला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. पण हा शब्द तिचा स्वतःचा होता, ‘पोलका’ किंवा ‘टेबल’ जितका तिचा होता तितकाच.

या शब्दाची मराठीतली हद्द मोठी नेमकी आहे. भरजरी शालू नेसून लग्नाला आलेल्या बाईला कुणी अपटुडेट म्हणत नाही, ती नटलेली असते. घर नीट ठेवणारी टापटिपीची असते. पण खळ दिलेली पांढरी साडी, मनगटाला घड्याळ, केसांचा घट्ट अंबाडा अशी सरकारी दवाखान्यातली सिस्टर रस्त्याने निघाली की सगळी गल्ली म्हणायची, अपटुडेट बाई आहे. पैशाशी या शब्दाचं नातं नाही. घराबाहेर, चार लोकांत, कामाच्या जागी आपण कसे उभे राहतो त्याच्याशी आहे. त्या काळात ज्यांच्या घरातला पहिलाच माणूस पगाराच्या नोकरीला लागला होता, त्यांच्यासाठी या शब्दात केवढा मान होता, हे मला आता कळतं.

इंग्रजीत हा प्रयोग जन्माला आला तेव्हा कपड्यांशी त्याचा संबंध नव्हता. १८४० च्या सुमारास तो लेखी सापडतो आणि त्याचं मूळ बहुधा जमाखर्चाच्या वहीतलं आहे, म्हणजे नोंदी अमुक तारखेपर्यंत आणून ठेवलेल्या. विशेषण म्हणून तो १८६० च्या दशकात वापरात आला. ताजी माहिती असलेला आणि ताज्या चालीरीतीचा, हे अर्थ १८९० च्या आसपासचे. आमच्या आजीपर्यंत पोचला तो हा शेवटचा अर्थ. वहीतला शब्द अंगावरच्या कपड्यांवर उतरला आणि मराठीने तो तिथेच धरून ठेवला. इंग्रजी मात्र आपल्या जुन्या अर्थासकट पुढे गेली. १९४० च्या दशकात तिने यातूनच ‘अपडेट’ हे क्रियापद काढलं आणि आज आपली मुलं व्हॉट्सअपवर “काय अपडेट?” म्हणतात तेव्हा त्यांना नुसती खबर हवी असते.

‘डेट’ची गोष्टही गोड आहे. रोमन लोक पत्राच्या शेवटी ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले’ असं लिहायचे. त्यातल्या ‘दिले’ या लॅटिन शब्दावरून ‘डेट’ आला. आपल्या ‘दा’ धातूच्याच कुळातला तो, त्यामुळे ‘दत्त’ त्याचा लांबचा भाऊ आणि ‘डेटा’ ही सख्खी बहीण. आपली ‘तारीख’ अरबीतून आली, आणि तिचं अनेकवचन ‘तवारीख’ म्हणजे इतिहास. तारखा एकापुढे एक लावत गेलं की इतिहास होतो, हे ज्या भाषेने आपल्या व्याकरणातच मांडून ठेवलं तिचं मला फार कौतुक वाटतं.

वहीतला तो जुना अर्थ मला कोशात शोधावा लागला नाही. तो मी लहानपणी पाहिलेला आहे.

आजोबा, वडिलांचे वडील, बार्शीच्या एका आडतीवर दिवाणजी होते. संध्याकाळी शाळा सुटली की मी त्यांच्यासोबत घरी यायला म्हणून आडतीवर जाऊन बसायची. ज्वारीच्या पोत्यांचा धुरळा, तागाचा वास, बाहेर हमालांचा चहा चाललेला. आजोबा बैठकीवर एक पाय दुमडून बसलेले, मांडीवर लाल कापडी बांधणीची लांब वही. पानाला उभ्या घड्या पाडलेल्या, त्या घड्यांच्या आधाराने आकडे एकाखाली एक उतरायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसभर आलेल्या हिशोबपट्ट्या आणि चिठ्ठ्या एका तारेत ओवलेल्या असायच्या. कुणाचा माल किती आला, तोलाई, हमाली, आडत वजा जाऊन हातात काय पडलं, कुणी उचल नेली. एकेक चिठ्ठी तारेतून काढायची, कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या त्या वहीत चढवायची, पालथी ठेवायची. तार रिकामी झाली की बेरजा. मग गल्ल्यातली रोकड मोजायची. वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली शिल्लक जुळली तर मेळ लागला. नाही जुळली तर मी आणि ते अंधार पडेपर्यंत तिथेच. सहा रुपयांसाठी आम्ही एकदा दिवेलागणीनंतर तासभर बसलो होतो. ते सहा रुपये एका चिठ्ठीवरच्या पुसट सातात सापडले, आजोबांनी त्याचा एक वाचला होता.

कीर्दीची रचना साधी आहे. आजच्या पानाची पहिली ओळ म्हणजे कालच्या पानाची शेवटची शिल्लक. कालची शिल्लक निघाली नसेल तर आजचं पान सुरूच होत नाही. एका वर्षी आजोबा तापाने तीन दिवस घरी पडले. आडतीवर नुसत्या चिठ्ठ्या साठल्या. चौथ्या दिवशी अंगात कणकण असतानाच ते गेले. मालक म्हणाले, आजचं तेवढं लिहून द्या, बाकीचं सवडीने करा. आजोबा म्हणाले, “शेठ, कालचं न लिहिता आजचं कसं लिहू?” आणि त्यांनी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तारेतल्या चिठ्ठ्या दिवसवार लावल्या, एकेका दिवसाचा मेळ घातला, पुढे गेले. आजच्या तारखेवर ते पोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. घरी आल्यावर त्यांनी कपाळावर हात धरून आजीला एवढंच सांगितलं, “आजची आज झाली.”

‘आजची आज’. मला विचाराल तर ‘अप टु डेट’साठी इतकं नेमकं मराठी मला अजून कुठल्या परिभाषाकोशात मिळालेलं नाही.

आणि त्याहून जुनं एक आहे, ते आपण रोज बोलतो. आजतागायत. हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण कधी फोडून पाहिला नव्हता. आईच्या प्रश्नानंतर पाहिला. ‘ता’ हा फारसी, म्हणजे पर्यंत. ‘गायत’ मूळचा अरबी, म्हणजे शेवट, हद्द. पेशवाईतल्या हिशोबी कागदांत मुदत सांगण्याचा साचाच असा आहे की इस्तकबिल अमुक, तागाईत अमुक. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत. तारखेच्या आधी छोटासा ‘छ’, म्हणजे चंद्र, कारण तारीख मुसलमानी महिन्याची. त्या हिशोबातून बाकी सगळं गळून गेलं, इस्तकबिल गेला, छ गेला. तागायत तेवढा ‘आज’ला चिकटून उरला. म्हणजे इंग्रजांच्या वहीतून ‘अप टु डेट’ निघण्याच्या कितीतरी आधी आपल्या कारकुनांच्या वहीत तोच विचार, तितक्याच शब्दांत, बसलेला होता.

पण बघा, आजतागायत आपण कशाला वापरतो? “नेलेले पैसे त्याने आजतागायत परत केले नाहीत.” “अशी थंडी आजतागायत पाहिली नाही.” या शब्दाच्या पोटात मागचा सगळा काळ आहे, एकही दिवस न वगळता. तो उच्चारला की पैसे नेल्याच्या दिवसापासून आजपर्यंतचा प्रत्येक दिवस मोजल्यासारखा होतो. आमच्या गल्लीतल्या बायका भांडताना हा शब्द असा काही ताणून म्हणायच्या की ऐकणाऱ्याला ती वर्षं डोळ्यांपुढे दिसावीत.

अद्ययावत हा संस्कृतातून उचललेला. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. अर्थ तोच, नुसता पोशाख वेगळा. लिहिताना त्यातला एक ‘य’ हमखास पडतो. ‘अद्यावत माहिती भरा’ असं मी इतक्या फलकांवर वाचलंय की आता तेच बरोबर वाटू लागावं. य गेला की यावत् मोडतो, ‘पर्यंत’च निघून जातं. मुद्रितशोधनात मी तो य परत घालते तेव्हा मला आजोबांचा पुसट सात आठवतो. गुजरातीने यासाठी ‘अद्यतन’ घेतला, हिंदीतही तो चालतो, आणि अलीकडे मराठी पडद्यांवर ‘अद्यतनित करा’ असं काहीतरी दिसायला लागलंय. ते जिभेवर बसत नाही. पण अद्यतन शब्दाचं घराणं मोठं आहे. पाणिनीच्या सूत्रांत ‘अनद्यतने लङ्’ येतं. जो भूतकाळ आजचा नाही त्यासाठी वेगळा लकार, म्हणजे क्रियापदाच्या रूपांचा वेगळा संच. मग आज म्हणजे नेमकं केव्हापासून केव्हापर्यंत? टीकाकारांनी त्याचंही उत्तर दिलं आहे. गेलेल्या रात्रीचा उत्तरार्ध, मधला दिवस, आणि येणाऱ्या रात्रीचा पूर्वार्ध मिळून ‘आज’. क्रियापदाचं रूप ठरवायचं तर आधी आजच्या सीमा आखल्या पाहिजेत, इतका काटेकोरपणा! अडत्याच्या रोकडीपेक्षा वैयाकरणांचा मेळ काही कमी कडक नव्हता.

माझी तक्रार अद्ययावत शब्दाबद्दल नाही, त्याचं आपण काय केलं त्याबद्दल आहे. ‘अद्ययावत सोयींनी सुसज्ज रुग्णालय’, ‘अद्ययावत व्यायामशाळा’, ‘अद्ययावत स्वयंपाकघर’. जाहिरातींनी त्याला ‘नवंकोरं’ या अर्थाला जुंपलं. आता कुणालाही विचारा, अद्ययावत म्हणजे काय, तर उत्तर येतं की एकदम लेटेस्ट. पर्यंत हा भाग कुणाला ऐकू येत नाही.

याचा फटका मला एकदा कामात बसला. लहान मुलांच्या दवाखान्यासाठी एक अर्ज होता. इंग्रजीत प्रश्न असा की बाळाच्या लसी अप टु डेट आहेत का. मी लिहिलं, ‘आपल्या बाळाच्या लसी अद्ययावत आहेत का?’ अर्ज छापण्याआधी चार आयांना वाचायला दिला होता. त्यातल्या एकीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “ताई, आमच्या आरोग्य केंद्रात जुनीच लस देतात का? नवीन कोणती आली?” तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ होतं, हातात लसीकरणाचं कार्ड होतं. जन्मल्यावर बीसीजी झालेलं, सहा आठवड्यांचा पेंटा झालेला, दहा आठवड्यांचाही झालेला. चौदा आठवड्यांचा अजून यायचा होता, आणि नऊ महिन्यांचं गोवर-रुबेला तर फार लांब. तिच्या बाळाचं सगळं जागच्या जागी होतं आणि माझ्या एका शब्दाने ती घाबरली होती. मी तिथेच ओळ बदलली. ‘बाळाला आजपर्यंतच्या सगळ्या लसी वेळेवर दिल्या आहेत का?’ तिने वाचली आणि “हो” वर टिक केली.

त्या दिवसापासून माझ्याकडे ‘अप टु डेट’ला एकच मराठी शब्द नाही. कर्जाचे हप्ते असतील तर ‘हप्ते थकलेले नाहीत’. पासबुक असेल तर ‘पासबुक भरून घ्या’, कारण बार्शीतच काय, पुण्यातही माणसं बँकेत पासबुक भरून आणायलाच जातात. गावाहून आलेल्या माणसाला मधल्या घडामोडी सांगायच्या असतील तर ‘मधल्या काळात काय काय झालं’. नियम असतील तर ‘सध्या लागू असलेले’. इंग्रजी एका शब्दप्रयोगात हे सगळं भागवते, नामाआधी आला तर जोडरेघा आणि वाक्याच्या शेवटी आला तर तीन सुटे शब्द एवढाच तिचा नियम. मराठीला प्रत्येक वेळी विचारावं लागतं, कशाबद्दल बोलताय? हा मला भाषेचा तुटवडा वाटत नाही. ती विचारते म्हणून मी त्या बाळाच्या आईपर्यंत पोचले.

आता आमच्या घरातल्या एका कागदाचं सांगते.

आजोबांची बार्शीजवळ दोन एकर जमीन. आजोबा गेले, पुढे वडीलही गेले. वडिलांच्या मागे वारस नोंदवायची ती आम्ही दोन वर्षं लांबवली. वारसाने तीन महिन्यांत वर्दी द्यावी असं कायदा सांगतो, चूक आमचीच. शेवटी भाऊ आणि मी सातबारा काढायला गेलो तर त्यावर अजून आजोबांचंच नाव. वडिलांनी आजोबांच्या मागे अर्ज दिला होता, त्याची पोच घरात ट्रंकेत होती, पण अर्ज त्या कार्यालयात कुठेतरी राहिला आणि नोंद कधी झालीच नाही. वडील आयुष्यभर जी जमीन आपल्या नावावर आहे असं समजून कसत होते, ती कागदावर त्यांची झालीच नव्हती. भाऊ पायरीवर बसून राहिला. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं की हे त्यांना कळायच्या आत ते गेले.

तिथल्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, सरळ तुमची नावं लागणार नाहीत. आधी आजोबांची वारसनोंद, मग वडिलांची. मला एकदम आडतीवरची ती रात्र आठवली. कालचं न लिहिता आजचं कसं लिहू.

मग सगळं मागून सुरू झालं. आजोबांचा मृत्यूचा दाखला नगरपालिकेतून काढला. प्रतिज्ञापत्र केलं. सहा-क या नोंदवहीत वारसांची नोंद, मग फेरफार, मग नोटीस आणि हरकतींसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. आजोबांच्या वारसांत वडिलांच्या बरोबर आत्याचंही नाव आलं. तिचा हक्क आहे, तो कागदावर आला याचं मला समाधान आहे, आणि हक्कसोड कर असं आम्ही तिला सुचवलंही नाही. त्यानंतर वडिलांचा फेरफार, पुन्हा नोटीस, पुन्हा पंधरा दिवस. दिवाळी उलटून गेली तेव्हा नवा उतारा हातात आला.

मी तो आईपुढे ठेवला. तिने तसाच चष्मा लावला, तसंच बोट ठेवत वाचायला लागली. आता उताऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव काढून टाकत नाहीत, त्यावर आडवी रेघ असते. रेघेखालचं नाव पूर्ण वाचता येतं. आईने आजोबांचं नाव वाचलं, वडील आणि आडनावासकट. मग त्याखाली वडिलांचं वाचलं, तेही पूर्ण. नवऱ्याचं नाव ती घरात कधी घेत नव्हती. बोट रेघेवर तसंच ठेवून थोडा वेळ थांबली. मग खाली आत्याचं नाव, तिचं स्वतःचं, भावाचं, माझं. शेवटचा फेरफार क्रमांक आणि त्याची तारीख मी वाचून दाखवली.

तिने कागद उलटा केला, बारा नंबरच्या रकान्यांवर आली.

“आणि पीक कोणतं लावलंय यात?”

“मागच्या साली बाबांच्या ओळखीच्या माणसाने लावली होती तीच तूर आहे.”

“आता हरभरा आहे रानात. तो नाही का लावायचा?”

पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतःच फोनवरून करायची असते, रानात उभं राहून, पिकाचा फोटो काढून. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. रेंज येईना म्हणून बांधावरच्या बाभळीपर्यंत चालत गेलो. हरभरा वीतभर झाला होता, पानांवर अजून दव होतं. आईने पदर खोचला, पायातली चप्पल बांधावर काढून ठेवली आणि सरीत उतरून म्हणाली, “इथून काढ, इथे दाट आलंय.”